फर्नेस ऑइल सुरू केलं आणि भट्टीचं अस्तर सात महिन्यांत बसलं – ब्लँकेट खराब की तेल?

कुपवाडी_भट्टी

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फोर्जिंग युनिट आहे. तेलावरची एक भट्टी, दोन हातोडे, चौदा माणसं. बिलेट (घडाईचे पोलादी ठोकळे) ११८० ते १२०० अंशांवर काढतो. दिवसाला साधारण ६०० लिटर तेल जातं.

भट्टीचं अस्तर सिरॅमिक फायबरचं. आतून १४२५ ग्रेडचे मॉड्यूल (घड्या दाबून केलेले फायबरचे ठोकळे), मागे १२६० ग्रेडचं ब्लँकेट (फायबरची गादी), घनता घनमीटरला १२८ किलो. पहिलं अस्तर सव्वाचार वर्षं चाललं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नवीन लावलं. त्याच सुमारास एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) सोडून फर्नेस ऑइलवर आलो. कारण दुसरं काय असणार, दर.

आता सातव्या महिन्यात ही अवस्था आहे: छताच्या मॉड्यूलमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. बाहेरच्या पत्र्याचा रंग चार ठिकाणी करपून पोपडे सुटलेत. पूर्वी शेलचं तापमान ७५ च्या आसपास असायचं, आता त्या डागांवर १९० दाखवतंय. गेल्या रविवारी भट्टी थंड करून आत शिरलो. भिंतीवर काळपट हिरवी काच चढलीय आणि छतावरून तिचे थेंब लोंबतायत, मेणबत्तीला ओघळ सुटतात तसे. एक मॉड्यूल सुरीनं कापून पाहिला. पुढचे १५ मिलिमीटर दगडासारखे कडक आणि हाताने ओढलं की अख्खा थर सुटतो, गरम भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. मागचं फायबर मात्र पांढरंशुभ्र, मऊ, नव्यासारखं.

अस्तरवाला म्हणतो, "तुमची ज्वाला भिंतीला लागतेय." मी त्याला म्हणतोय, तुझा माल हलका आहे. तेलवाला सर्टिफिकेट नाचवतोय. उष्मांक बरोबर, राख ०.०४ टक्के, गंधक नियमात. तिघांपैकी कोण खोटं बोलतंय तेवढं सांगा. नवीन अस्तराला तीन लाखांच्या वर खर्च आहे आणि तो पुन्हा सात महिन्यांत पाण्यात जायला नको.

वेण्णाकाठ

साताऱ्यात अस्तरांचंच काम करतो, त्यामुळे जातभाईची बाजू घेतोय असं वाटेल. तरी सांगतो, दहापैकी सहा ठिकाणी ज्वालाच असते. एलडीओवरून फर्नेस ऑइलवर आलात तेव्हा बर्नरची नोझल बदलली का? तेल १००-११० अंशांना तापवून देता का? गार तेल नीट फुटत नाही, जाड थेंब समोरच्या भिंतीवर जाऊन तिथंच जळतो. आणि १४२५ ग्रेड म्हणजे १४२५ ला चालवा असं नसतं. तो वर्गवारीचा आकडा आहे, कायमच्या वापराचं तापमान त्याच्या बरंच खाली धरायचं.

कुपवाडी_भट्टी

नोझल बदलली. हीटरवर १०५ ठेवतो. आणि दादा, ज्वाला असती तर समोरची भिंतच गेली असती ना? आमच्यात बर्नरच्या डोक्यावरचं छत आणि मागं धुराड्याचं तोंड, जिथं ज्वाला कधी पोचत नाही, तिथंही तीच काच आहे. उलट धुराड्याच्या तोंडाशी जास्तच.

वेण्णाकाठ

मग माझे शब्द मागे. जिथं फक्त धूर जातो तिथं काच धरली असेल तर धुरातूनच काहीतरी येतंय.

हळदीचं_पोतं

मला भट्टीतलं ओ की ठो कळत नाही, हळदीचा व्यापारी माणूस. पण "तिघांपैकी कोण खोटं बोलतंय" हा प्रश्न मार्केट यार्डात विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: तिघंही खरं बोलतात, आपापल्या पोत्यापुरतं. खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

भट्टीकाका

कुपवाडकर, तुमी काच म्हणताय ती काचच हाय. चाळीस वर्सं भट्ट्या लावल्या म्या. पयलं सगळी वीट असायची, नऊ इंची घट्ट वीट, मागं हलकी वीट, मग पत्रा. तवा बी फर्नेस ऑइलच जळायचं आणि तवा बी काच धरायची. पर विटंवर धरलेली काच वघळून खाली पडती. वरची वीट दरसाली नखाएवढी झिजती, आठ-धा वर्सं निभावती. कापसावर (आमी फायबरला कापूसच म्हणायचो) तसं हुत न्हाई. कापूस काच पितो. वातीनं तेल प्यावं तसं आत ओढून घेतो.

तेलवाल्याला येक विचारा. राख किती ते सांगितलंस, राखंत काय हाय ते सांग.

अनुजा_मिरज

काकांनी शेवटच्या ओळीत मुद्दा सांगून टाकला. मी रसायनशास्त्र शिकवते, भट्टी कधी बांधली नाही, म्हणून फक्त माझ्या बाजूचं लिहिते.

फर्नेस ऑइल म्हणजे रिफायनरीत सगळं काढून घेतल्यावर तळाला उरलेला भाग. कच्च्या तेलातला व्हॅनेडियम हा धातू तेलाच्याच मोठ्या रेणूंमध्ये अडकलेला असतो. तो पाण्यानं धुतला जात नाही, गाळणीत अडकत नाही आणि ऊर्ध्वपातनात वर चढत नाही, त्यामुळे सगळा तळाच्या तेलात एकवटतो. एलडीओत तो जवळपास नसतो. दुसरा पाहुणा सोडियम. तो मुळात तेलाचा नव्हेच, खाऱ्या पाण्यातून येतो.

तेल जळलं की व्हॅनेडियमचं पेंटॉक्साइड होतं. ते ७०० अंशांच्या आतच वितळतं. सोबत सोडियम असेल तर दोघांची सोडियम व्हॅनेडेट बनतात आणि त्यातली काही साडेपाचशे-सहाशेच्या आसपासच पातळ होतात. तुमच्या १२०० अंशांच्या भट्टीत हा पदार्थ पाण्यासारखा पातळ असणार.

फायबर म्हणजे अॅल्युमिना आणि सिलिकाची काचच, धाग्याच्या रूपात. काच ही घाईत गोठवलेली अवस्था आहे, तिला स्फटिक व्हायचंच असतं. साधारण ९८० अंशांच्या पुढे तिच्यात म्युलाइटचे स्फटिक धरू लागतात, आणखी वर गेलं की उरलेल्या सिलिकातून क्रिस्टोबलाइट. शुद्ध हवेत हे इतकं हळू चालतं की अस्तर वर्षानुवर्षं टिकतं. सोडियम, पोटॅशियम, व्हॅनेडियम हे सगळे या कामाला घाई लावणारे. ते सिलिकाला विरघळवतात, धागा मऊ पडतो, शेजारच्या धाग्याला चिकटतो, पूर्ण थर आक्रसतो. आक्रसला की फट, फटीतून ज्वाळा मागे, मग तुमचा १९० अंशांचा पत्रा.

काका म्हणाले "कापूस काच पितो", त्याचा हिशेब मांडून पाहिला. धाग्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन धरली तर एक किलो फायबरमधल्या धाग्यांचा एकूण पृष्ठभाग ५०० चौरस मीटर भरतो. म्हणजे पाच गुंठे! विटेचा धुराकडे असतो तो एक चेहरा. फायबर किलोमागे पाच गुंठे रान उघडं टाकून बसलंय.

आणि पुढचे १५ मिलिमीटरच कडक का, तर तो वितळलेला रस आत ओढला जाता जाता धाग्यांतली सिलिका विरघळवून घट्ट होत जातो, तापमानही उतरत जातं, आणि तो तिथंच थांबतो. मागचं फायबर म्हणून नव्यासारखं. दर आठवड्याला भट्टी थंड झाली की कडक थर आणि मऊ थर वेगवेगळे आकुंचन पावतात. तुमचा पापुद्रा तो हा.

कुपवाडी_भट्टी

ताई, दोनदा वाचलं. पाच गुंठ्यांवर तर थांबलोच.

मीही रात्री हिशेब केला. ६०० लिटर म्हणजे ५७० किलो तेल. राख ०.०४ टक्के म्हणजे रोज २२८ ग्रॅम. सात महिन्यांत कामाचे १७५ दिवस धरले तर ४० किलो राख भट्टीतून गेली! सर्टिफिकेटवर ०.०४ वाचताना काहीच वाटत नाही. फर्नेस ऑइलच्या भारतीय मानकात, आयएस १५९३ मध्ये, राख ०.१ टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे तेलवाला नियमात आहेच. व्हॅनेडियमचा रकाना त्याच्या कागदावर नाही.

पण एक शंका. ही राख तर धुराड्यातून जात असेल ना?

अनुजा_मिरज

बहुतेक जाते. वीस भागांतला एकच भाग चिकटला तरी दोन किलो झाले. तुमच्या पुढच्या कडक थराचं वजन किती असेल? आतला पृष्ठभाग २२ चौरस मीटर असेल तर १५ मिलिमीटरच्या थराचं वजन पन्नास-साठ किलोच भरेल. त्यात दोन किलो सोडियम-व्हॅनेडियमवाली राख. पुरणात तेवढं मीठ पडलं तर पोळी कुणी खाईल का?

चुलवाण

कराडजवळ आमचं गुऱ्हाळ आहे. तुमचं तेल, आमचं चिपाड, पण गोष्ट तीच. चुलवाणाच्या आतल्या विटा दुसऱ्या हंगामाला चकाकायला लागतात. ढेकळासारखी खंगरं धरतात, हिरवट काळी, कडेला निळसर झाक. माझे आजोबा म्हणायचे, पाचट घातलं की खंगर लौकर धरतं, नुसत्या चिपाडावर उशिरा. कशामुळं हे त्यांनाही माहीत नव्हतं. ताई, हेही तेच का?

अनुजा_मिरज

तेच. तुमच्यात व्हॅनेडियम नाही, पोटॅशियम आहे. पाचटात पोटॅशियम आणि क्लोरीन चिपाडापेक्षा जास्त असतात. आजोबांचं निरीक्षण पक्कं होतं. पोटॅशियम आणि सिलिका मिळून कमी तापमानाला वितळणारी काच होते. राखेतच सिलिका भरपूर, त्यामुळे विटेनं हातभार लावला नाही तरी काच बनते.

घाटमाथा

साखर कारखान्यात बॉयलरवर असतो. चुलवाणवाले, एक भर घालतो. आमच्या बगॅसमध्ये पोटॅशियम तुमच्या चिपाडापेक्षा कमी राहतं, कारण मिलमध्ये रस काढताना वरून पाणी मारतात, त्यात बरंच धुतलं जातं. तुमच्या चरकात एकदाच पिळतात, चिपाडात रस राहतो. तरी आमच्याकडेही सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर राखेचे थर बसतातच.

आता कुपवाडकरांसाठी. सगळे काचेमागे लागलेत, गंधकाकडे कुणी बघेना. तेलात गंधक ३ टक्के धरा. रोज १७ किलो गंधक, म्हणजे ३४ किलो सल्फर डायऑक्साइड. त्यातला थोडासा भाग ट्रायऑक्साइड होतो, आणि व्हॅनेडियम नेमकं त्याच कामाला उत्प्रेरक असतं. गंधकाम्लाच्या कारखान्यात ते मुद्दाम वापरतात. हा ट्रायऑक्साइड आणि धुरातली वाफ मिळून आम्ल होतं आणि १२० ते १५० अंशांच्या पट्ट्यात कुठंतरी त्याचं दव पडतं.

वीट किंवा कास्टेबल (काँक्रीटसारखं ओतायचं अस्तर) असेल तर धूर सहज मागे जात नाही. फायबरमधून आरपार जातो. आत १२०० आणि पत्रा ७५, म्हणजे १३० अंशांची रेघ तुमच्या अस्तराच्या आतच कुठंतरी आहे. तिथून पत्र्यापर्यंत आम्लाचा ओलावा. मागचं ब्लँकेट "नव्यासारखं" म्हणालात, त्याच्याही मागे हात घालून बघा. अँकर (मॉड्यूल धरून ठेवणारे खिळे) जिथं पत्र्याला वेल्ड केलेत तिथं बघा.

कुपवाडी_भट्टी

घाटमाथा साहेब, तोंडात साखर घालावी की काय करावं कळेना. आज दुपारी एक डाग होता तिथलं मॉड्यूल पूर्ण काढलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरी पूड, मूठभर. त्याखाली गंजाचा जाड पोपडा, आणि त्यात अँकरचं मूळ. अँकर ३१० स्टेनलेसचा, तो धड आहे. वेल्डपाशी पत्राच कुरतडलाय. मोठ्या भावानं ती पूड बघितली आणि म्हणाला, "हे तर आपल्या खालच्या रानासारखं झालं." आमचं नदीकडचं पाऊण एकर क्षारपड आहे. उन्हाळ्यात असंच पांढरं फुटतं, खालचं मीठ पाण्याबरोबर वर येऊन बसतं.

फक्त आमच्या रानात ते खालून वर येतं, इथं आतून बाहेर आलंय.

हळदीचं_पोतं

क्षारपड भट्टी! सांगली जिल्ह्याचं नाव निघालं पायजे.

भट्टीकाका

पूड जिभंला लावू नगा म्हंजे झालं. तोडताना पाणी शिंपडून तोडा, कोरडं झटकू नका. पोरांच्या नाकाला नुसता रुमाल बांधून चालनार न्हाई, चांगला मास्क आना. जुना कापूस लई वंगाळ.

अनुजा_मिरज

काका म्हणतात ते मनावर घ्या. वापरलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट तयार झालेलं असतं, म्हणजे स्फटिकी सिलिका. ती श्वासातून जात राहिली तर कर्करोग होऊ शकतो, कर्करोगकारक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती पहिल्या गटात आहे. नवं फायबरही "शक्यता" असलेल्या गटात आहेच, पण जुनं त्याहून वाईट. साध्या कापडी मास्कवर भागवू नका, पी१०० दर्जाचा घ्या, अंगभर कपडे घाला, आणि तो कचरा गोण्यांत बांधून घातक कचऱ्यातच द्या.

आता एक प्रयोग सुचवते, खर्च नाही. नव्या मॉड्यूलचे तीन तुकडे कापा, प्रत्येकी १०० मिलिमीटर चौरस. एक कोरा ठेवा. दुसऱ्यावर धुराड्याच्या तोंडाशी साठलेली राख पाण्यात कालवून चमचाभर लावा. तिसऱ्यावर तेलाच्या टाकीच्या तळातला गाळ वाळवून, जाळून जी राख उरेल ती लावा. तिन्ही एकाच मफल भट्टीत (ज्वाला आत न येणारी छोटी बंद भट्टी) ११५० ला चोवीस तास. माल खराब असेल तर कोरा तुकडाही बसेल.

कुपवाडी_भट्टी

(पाच दिवसांनी)

शेजारच्या शेडमध्ये हीट ट्रीटमेंटवाले आहेत, त्यांची छोटी मफल शनिवार-रविवार मागून घेतली.

कोरा तुकडा: पांढरा. पट्टी लावली, १०० चा ९८. अस्तरवाल्याला फोन करून मी सॉरी म्हणालो. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, चहाला येतो.

धुराड्याच्या राखेचा तुकडा: मध्ये चहाच्या बशीएवढा खळगा, काठाला काच. राख पाण्यात कालवताना पाणी हिरवट झालं होतं, तेव्हाच पाल चुकचुकली.

टाकीच्या गाळाचा तुकडा: आरपार भोक. खालच्या टाइलला चिकटला, ती टाइल शेजाऱ्याला भरून द्यावी लागणार.

गाळाचा तुकडा राखेच्या तुकड्यापेक्षा वाईट कसा? तेल एकच ना?

अनुजा_मिरज

हिरवट पाण्याला व्हॅनेडियमची आणि लोखंडाची, दोन्हींची सल्फेटं कारणीभूत असू शकतात. पण तिसरा तुकडा महत्त्वाचा. व्हॅनेडियम तळाला बसत नाही, तेलात विरघळलेलं असतं. तळाला बसतं ते पाणी, आणि पाण्यातलं मीठ. तुमच्या टाकीच्या तळाला पाणी आहे. कुठून आलं?

घाटमाथा

तेलवाल्यानं नमुना टँकरच्या वरच्या झाकणातून घेतला असणार. पाणी तेलापेक्षा जड. वरच्या बाटलीत ते कधीच दिसणार नाही. आणि तुमचा पंप टाकीच्या कुठून ओढतो? बऱ्याच ठिकाणी तळापासून चार बोटांवर पाइप असतो. रविवारभर टाकी स्थिर, पाणी खाली बसतं, सोमवारी सकाळी पहिला घोट त्याचाच. सोमवारी बर्नर फटफट करतो का?

कुपवाडी_भट्टी

करतो!! दर सोमवारी. आम्ही समजायचो, भट्टी गार असते म्हणून.

आज तळाचा व्हॉल्व्ह उघडला. आधी काळं पाणी आलं, पाचेक लिटर, मग तेल. वरच्या झाकणातून पाऊस शिरला असेल म्हणावं तर फटफट मार्चमध्येही होती, तेव्हा कुठला पाऊस. त्या पाण्यात घरच्या आरओवाल्याचं टीडीएसचं (विरघळलेले क्षार मोजायचं) पेन बुडवलं (आधी फडक्यातून गाळून). २८०० दाखवलं, म्हणजे लिटरला २८०० मिलिग्रॅम. आमच्या बोअरचं पाणी तेवढंच आहे. म्हणजे पाणी तेलवाल्याच्या टँकरमधलं नाही, आमच्या घरचंच.

आता मी टाकीभोवती चकरा मारतोय.

वेण्णाकाठ

टाकी तापवायला काय आहे? एलडीओला तापवणं लागत नाही, फर्नेस ऑइलला लागतं. ते नवीन लावलं असेल ना?

कुपवाडी_भट्टी

गरम पाण्याची कॉइल. टाकीत तळाशी. पाणी बोअरचंच, पण सॉफ्टनरमधून येतं, त्यामुळे क्षार नसणार...

घाटमाथा

थांबा थांबा. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि तेवढं सोडियम देतो. म्हणूनच टीडीएस तेवढाच दिसतोय. कॉइलच्या एक्स्पान्शन टँकला (फेऱ्यातलं पाणी भरून काढायची वरची छोटी टाकी) पाणी किती लागतं? बंद फेरा असेल तर महिनोन् महिने लागायला नको.

कुपवाडी_भट्टी

हा प्रश्न वाचून तसाच शेडमध्ये गेलो आणि पाणी बघणाऱ्या पोराला विचारलं. तो सहज म्हणाला, "रोज अर्धी बादली घालतो की, मालक. वाफ होऊन जातंय."

रोज अर्धी बादली. सात महिने.

कॉइल काढून हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवली. वेल्डजवळ सुईच्या टोकाएवढं भोक, बुडबुड्यांची माळ.

हिशेब: रोज ७ लिटर, लिटरमागे २.८ ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे २० ग्रॅम, १७५ दिवसांत साडेतीन किलो. जवळपास सगळं सोडियमचं. हे कुठल्याच सर्टिफिकेटवर नव्हतं, कारण ते तेलात आलंच नव्हतं. तेलात व्हॅनेडियम किती ते मिरजेच्या प्रयोगशाळेतून मागवलं, ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) निघालं. म्हणजे पेंटॉक्साइडच्या हिशेबानं सात महिन्यांत नऊ किलो भट्टीतून गेलं.

भट्टीकाका

साडेतीन किलो मीठ भट्टीला खाऊ घातलंसा. म्हशीला घातलं असतं तर दूध तरी दिलं असतं.

हळदीचं_पोतं

काका _/\_

कुपवाडी_भट्टी

हसा. आता पुढचं सांगा. एलडीओवर परत जायला भाऊ तयार नाही, दराचा फरक मोठा आहे. एक जण मॅग्नेशियमचं औषध विकायला आलाय. तेलात मिसळलं की काच होत नाही म्हणतो. खरं आहे का?

अनुजा_मिरज

अर्धं. मॅग्नेशियम व्हॅनेडियमशी जोडी जमवतं आणि तयार होणारं मॅग्नेशियम व्हॅनेडेट हजार अंशांच्या पुढेच वितळतं. बॉयलरच्या नळ्या सहाशे-सातशेला असतात, तिथं ही राख कोरडी राहते, फुंकून निघते. पण तुमची भिंत १२०० ला आहे. तिथं त्याचा भरवसा कमी. शिवाय सोडियमवर मॅग्नेशियमचा उपाय फारसा नाही. तुमचा सोडियम कॉइल बंद केल्यावर गेलाच, तेवढा फायदा फुकटात झाला.

हवा मात्र जरूर बघा. जास्तीची हवा कमी ठेवली तर व्हॅनेडियम पूर्ण जळून पेंटॉक्साइड होत नाही, त्याची खालची ऑक्साइडं राहतात आणि ती फार उंच तापमानाला वितळतात. ट्रायऑक्साइडही कमी होतं.

वेण्णाकाठ

आणि बिलेटवर पापडी कमी धरते, ते वेगळंच. पण काळा धूर निघेपर्यंत हवा कमी करू नका.

अस्तराचं माझं मत: बर्नरची भिंत, खालचा अडीच फुटांचा पट्टा आणि धुराड्याचं तोंड घट्ट विटेत घ्या, ६० टक्के अॅल्युमिना. छत फायबरचंच ठेवा, विटेचं छत तुमच्या सांगाड्याला पेलणार नाही. ७२ टक्के अॅल्युमिनाचं स्फटिकी फायबर येतं, ते या राखेपुढे जास्त टिकतं, पण किंमत ऐकून भाऊ एलडीओलाच हो म्हणेल. रिफायनरीच्या हीटरसाठीचं एपीआय ५६० मानक आहे, त्यातही इंधनात धातू मर्यादेबाहेर असतील तर फायबर नको असंच म्हटलंय. आपण मर्यादेच्या आत राहायचा प्रयत्न करतोय, एवढंच.

भट्टीकाका

हलकी वीट पुढं लावू नगा कुनाच्या सांगन्यावरनं. जेएम २३, जेएम २६, छान दिसती, उचलाय सोपी. पर भोकाभोकाची अस्ती, ती बी काच पिती. घट्ट वीट पुढं, हलकी मागं. आनि वीट लावली की सोमवारी भट्टी तापाय येळ लागंल. तासात यायची ती तीन तासांत यील. मग माज्या नावानं बोंब मारू नगा.

घाटमाथा

छताच्या फायबरमागे स्टेनलेसची पातळ फॉइल घाला, दोन थरांच्या मध्ये. पण पत्र्याला चिकटवून नाही, जिथं तापमान दव पडण्याच्या वर, २०० च्या पुढे राहील अशा जागी. म्हणजे धूर तिथंच अडेल, आम्ल होण्याआधी. पत्र्याला आतून आम्लरोधक मॅस्टिकचा (जाड लेपाचा) हात द्या.

कुपवाडी_भट्टी

(दीड महिन्यानंतर)

धागा वर काढतोय. काम झालं. खाली आणि बर्नरकडे घट्ट वीट, छताला फायबर, मध्ये फॉइल, पत्र्याला मॅस्टिक. कॉइल भंगारात. टाकीच्या तोंडाशी विजेचा हीटर बसवला, जेवढं तेल बाहेर जातं तेवढंच तापतं. पंपाचा पाइप तळापासून एक फुटावर नेला. टँकर आला की रात्रभर टाकी स्थिर, मगच ओढायचं. नमुना आता मी घेतो, तळातून, आणि त्यात व्हॅनेडियमचा रकाना मागतो. तेलवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण दिला.

पत्रा ८२ वर आहे. भट्टी तापायला काकांनी सांगितले तसे तीन तास, थोडे जास्तच. वीट तापवायचं तेल सोमवारी वेगळं जातं, त्यामुळे दराचा फायदा वाटला होता तेवढा राहिला नाही. व्हॅनेडियम तसंच आहे. वेण्णाकाठ दादा म्हणतात छत दोन वर्षं काढेल, मी दीड धरून पैसे बाजूला टाकतोय. अस्तर त्याच माणसाकडून लावून घेतलं, चहा पिऊन.

चुलवाण

अभिनंदन. तळाचं पाणी अजून निघतं का?

कुपवाडी_भट्टी

रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन लिटर निघालं, जुनं साठलेलं असावं. आता पेलाभर. ते टँकरबरोबर येणारं.

भट्टीकाका

ते पानी वतता कुटं? वड्याला न्हाई ना?

कुपवाडी_भट्टी

नाही काका. ड्रममध्ये. भरला की परवानावाला घेऊन जातो.